आधी माती बघा, मग रोप



टिटवाळ्याच्या महागणपतीला तुमच्यापैकी पुष्कळजण येऊन गेले असतील. कल्याणहून कसाऱ्याची लोकल धरली की शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. इथले लोक सांगतात की पूर्वी काळू नदीच्या काठी कण्व ऋषींचा आश्रम होता आणि शकुंतला इथेच लहानाची मोठी झाली. आख्यायिका ती आख्यायिका, तिला पुरावा मागू नये. पण कालिदासाच्या नाटकात पहिल्या अंकात शकुंतला येते ती आश्रमातल्या झाडांना पाणी घालायला, एवढे खरे. म्हणजे झाडांना पाणी घालणाऱ्या मुलीच्या गावात मी नोकरीची बरीच वर्षे काढली, असे म्हणायला हरकत नाही. आणि त्याच गावाच्या शिवारात माझ्या सल्ल्याने एकदा हजारो रोपे वाया गेली. आज तीच हकिगत सांगायला बसलो आहे.

तुम्ही म्हणाल, साहेब आता निवृत्तीला आले, म्हणून जुन्या चुका आठवतात. तसेही असेल. पण मुख्य कारण वेगळे आहे. तीच चूक आजही गावोगाव होताना दिसते. शिमगा झाला की रोपवाटिकेची गडबड सुरू होते. पिशव्या आणल्या जातात, बी आणले जाते, पाण्याची सोय बघितली जाते. पिशवीत जी माती भरायची ती मात्र जिथून जवळ पडेल तिथून खोऱ्याने ओढली जाते. बियाण्याची पावती आपण जपून ठेवतो आणि मातीला कोणी विचारीत नाही.

गोष्ट २००४ सालची. टिटवाळ्यापासून चार-पाच मैलांवरच्या एका गावात अकरा बायकांचा बचत गट होता. एका संस्थेने त्यांच्याकडून आठ हजार रोपे घ्यायचे कबूल केले होते. खैर, करंज, शिवण आणि आवळा. अट एकच, पावसाच्या तोंडाशी रोप निदान फूटभर उंच आणि निरोगी पाहिजे. जेवढी रोपे पास होतील तेवढ्यांचेच पैसे. बायकांनी बचतीतले पैसे काढले. ते पुरेनात, तेव्हा एकीने कानातली मोडून पिशव्यांची रक्कम भरली. हे मला पुष्कळ उशिरा कळले.

माती कुठली घ्यायची हा प्रश्न आला तेव्हा खाचरातली पोयटा माती द्यायला कोणाचा नवरा तयार होईना. त्यात त्यांची चूक नव्हती. भाताचे खाचर म्हणजे घराचे पोट. शिवाय आमच्या भागात वीटभट्ट्यांना पोयटा विकून पस्तावलेली घरे सगळ्यांनी पाहिलेली होती. म्हणून गावामागच्या वरकस उतारावरची तांबूस, मुरमाड माती आणली. थोडे शेणखत मिसळले आणि पिशव्या भरल्या. मी तेव्हा हजर होतो. माती हातात घेतली, चोळली, "निचरा चांगला होईल" असे म्हणालो आणि चहा घेऊन पुढच्या गावाला गेलो.

बी छान उगवले. पहिले तीन आठवडे बायका खुशीत होत्या. मग रोपे अडली. चार पानांवर आली आणि तिथेच थांबली. पाने लहान, रंग गर्द पण मळकट, देठाला आणि पानाच्या खालच्या बाजूला जांभळी झाक. निरोप आला म्हणून मी गेलो. वाफ्याच्या कडेला उभा राहूनच मी सांगितले की रोपांना नत्र कमी पडते आहे, दर आठवड्याला युरियाचे पाणी द्या. पदवी होती, वहीत लिहिलेले होते आणि युरिया दिला की झाड हिरवे होते हे सगळ्या गावाला ठाऊक होते. बायकांनी सांगितले तसे केले. आठ दिवस रोपे तरारली. मग भर वैशाखात पानांच्या कडा करपल्या आणि रोपे पटापट माना टाकू लागली.

मी पुन्हा गेलो तेव्हा गटाच्या अध्यक्ष ताई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "सायेब, तुमी नेहमी त्या टोकाशीच उभे ऱ्हाता. दाराकडची बघा की जरा."

मी दाराकडे आलो. तिथल्या रांगा वेगळ्याच होत्या. आजींची जुनी सवय अशी की किडा लागू नये म्हणून न्हाणीच्या चुलीतली राख रोपांवर टाकायची. दाराला लागून असलेल्या दोन रांगांवर रोज राख पडे. त्यापलीकडच्या पाच-सहा रांगांवर हात पोहोचेल तेवढी, अधूनमधून. आणि लांबच्या रांगांवर अजिबात नाही. आता रोपे बघा. लांबची खुजी आणि जांभळट. मधली टवटवीत, इतरांच्या दुप्पट उंच. आणि अगदी दाराजवळची, जिथे राखेचा थर साचला होता, ती वाढलेली पण शेंड्याची कोवळी पाने पिवळी, फक्त शिरा हिरव्या. एकाच अंगणात, एकाच बियाण्याची, एकाच पाण्यावरची तीन तऱ्हेची रोपे. दोनदा येऊन गेलो तरी मला ती दिसली नव्हती.

मी तिन्ही ठिकाणची एकेक पिशवी फाडली आणि मुळे बादलीत धुतली. लांबच्या रोपाची मुळे आखूड, जाडसर, टोकाशी तपकिरी आणि बोथट. बारीक तंतू जवळजवळ नाहीत. मधल्या रोपाच्या मुळांचे पांढरे जाळे मातीला धरून होते. मातीचे नमुने तपासायला पाठवले. आकडे आले ते असे. लांबच्या मातीचा सामू ५.२, मधल्या मातीचा ६.४ आणि दाराजवळचा ८.१. पण आकडे येईपर्यंत ज्येष्ठ अर्धा सरला होता. आठ हजारांपैकी पास झाली ती तीन हजारांच्या आसपास. बाकीच्यांचे पैसे बुडाले.

आता हे का झाले ते समजून घेऊ. त्यासाठी आधी सामू म्हणजे काय ते बघावे लागेल. १९०९ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या एका बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आंबटपणा मोजण्याची ही पट्टी तयार केली. ७ म्हणजे उदासीन, शुद्ध पाण्यासारखे. त्याखाली आम्लधर्मी, त्यावर विम्लधर्मी. लिंबाचा रस आम्ल, चुन्याची निवळी विम्ल. यात एक खोच आहे. ५ आणि ६ यांत एकाचाच फरक दिसतो, पण ५ सामूची माती ६ च्या मातीपेक्षा दहापट आम्ल असते आणि ७ पेक्षा शंभरपट. म्हणून अहवालात दशांश चिन्हापुढचा आकडासुद्धा दुर्लक्षून चालत नाही.

आपल्या वरकस जमिनी आम्ल का होतात? पावसामुळे. आमच्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. हे पाणी उतारावरच्या मातीतून झिरपताना चुना, मॅग्नेशियम आणि पालाश धुऊन नेते. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरते. तांबडा रंग लोहाचा. माथेरानला गेलात तर पायाला जी लाल धूळ लागते ती याच प्रकाराची शेवटची पायरी, म्हणजे जांभ्याची माती. उतारावरून धुपून आलेला चुना आणि गाळ खाली खाचरात साठतो, म्हणून खाचराची माती काळसर आणि सामूला सौम्य. एकाच गावात वरकस आणि खाचर यांच्यात असा फरक पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जांभ्याच्या जमिनीत आम्लता आणखी ठळक दिसते.

माती आम्ल झाली म्हणजे रोपाला आंबट लागते असे नाही. नुकसान दुसऱ्या वाटेने होते. सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळांची कोवळी टोके जाळते. बोथट, तपकिरी मुळे मी पाहिली ती त्यामुळेच. दुसरे, लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला असे घट्ट धरून ठेवतात की तो मातीत असूनही रोपाला मिळत नाही. घरात धान्याची कणगी भरलेली आणि किल्ली हरवलेली, अशी गत. स्फुरदाविना मूळ वाढत नाही आणि मूळ वाढले नाही तर आहे तोही स्फुरद हाताला लागत नाही. पानावरची जांभळी झाक ही त्याचीच खूण. तिसरे, खैर, करंज, शिरीष अशा शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र देणारे जिवाणू आम्ल मातीत नीट काम करीत नाहीत. त्यांना लागणारे मॉलिब्डेनमही अशा मातीत दुर्मिळ होते.

दाराजवळच्या रांगेत उलटे झाले. लाकडाच्या राखेत चुना आणि पालाश भरपूर असतो, थोडा स्फुरदही असतो. थोडी राख पडली तिथे आम्लता मोडली आणि अडकलेले अन्न मोकळे झाले. पण राख फार झाली तिथे सामू आठच्या वर गेला, तेव्हा लोह, जस्त आणि मंगल ही सूक्ष्म द्रव्ये विरघळेनात. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहज सरकत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानावर आधी दिसते, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. नत्राची उणीव मात्र जुन्या, खालच्या पानांवर आधी दिसते, कारण झाड तिथला नत्र काढून शेंड्याला देते. एवढी खूण मी त्या दिवशी वाकून पाहिली असती तर युरिया सांगितला नसता. पिवळे झाले की नत्र आणि नत्र म्हणजे युरिया, हे समीकरण आपल्या डोक्यातून गेले पाहिजे. त्या रोपांना उणीव स्फुरदाची होती, मुळे आधीच दुखावलेली होती, आणि मी त्यांना उन्हात युरिया पाजला.

पहिले तीन आठवडे रोपे छान का दिसली, असे तुम्ही विचाराल. रोप सुरुवातीला मातीवर जगतच नाही, बियाणातल्या दळांत साठवलेल्या शिदोरीवर जगते. आंबा, काजू, जांभूळ यांचे बी मोठे, शिदोरी मोठी. खैराचे बी चपटे, लहान, शिदोरी थोड्या दिवसांची. शिदोरी संपली की रोप मातीकडे हात पसरते आणि मग मातीची खरी ओळख पटते. म्हणून उगवण चांगली झाली की माती चांगली, असे समजू नका.

जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात एक नियम सगळीकडे पोहोचवला. जे अन्नद्रव्य सगळ्यांत कमी, तेच वाढ ठरवते. आपल्याला हा नियम खाचरावरून सहज कळेल. बांध चारी बाजूंनी कमरेएवढा घातला आणि एकाच ठिकाणी तो वीतभर राहिला, तर खाचरात पाणी किती थांबेल? वीतभरच. बाकीचा बांध आणखी उंच करून उपयोग नाही. त्या रोपांच्या बाबतीत स्फुरदाकडचा बांध खचलेला होता आणि मी नत्राकडे माती टाकत होतो.

आमच्या वाडवडिलांना ही गोष्ट शास्त्राच्या भाषेत नसेल, पण कृतीने माहीत होती. ठाणे-रायगडकडच्या भातशेतकऱ्याला राब भाजणे सांगावे लागत नाही. भाताची रोपे टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत यांचे थर देऊन उन्हाळ्यात पेटवायचे. त्याने तणाचे बी जळते, राखेतून पालाश आणि चुना मिळतो, आम्लता कमी होते आणि तापलेल्या मातीतले अडकलेले अन्न थोडे मोकळे होते. राबाच्या जागेवरचे रोप काळेभोर येते ते उगाच नाही. पण त्यासाठी ऐनाची झाडे दरवर्षी ओरबाडली गेली, आणि जाळल्यावर पालापाचोळ्यातला नत्र धुरावाटे गेला, हेही खरे. म्हणून पुढे चारसूत्री भातलागवडीत तुसाची काळी राख आणि गिरिपुष्पाचा पाला वापरायची शिफारस आली. आजी जे करीत होत्या ते राबाचेच लहान रूप. माझ्या पदवीला ते ओळखता आले नाही, हा दोष पदवीचा नव्हता.

आता झाडाची निवड. माझ्या विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकात, सुबाभळीची हवा होती. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने या झाडाचा मोठा प्रसार केला आणि देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत ते जोमाने वाढले. ते पाहून कोकणातही लोकांनी बी टाकले. पण सुबाभळीला आम्ल जमीन मानवत नाही. तिथे ती कुढते. दोष झाडाचा नाही, संस्थेचाही नाही. सोयरीक जुळवताना आपण दोन्ही घरे पाहतो, झाड लावताना फक्त झाड पाहतो. सागाला चुना लागतो, म्हणून खडकाळ आम्ल माथ्यावर साग नको. काजू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ आम्लता बरीच सोसतात. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत कोकणच्या वरकस जमिनीवर आंबा-काजू फुलला, त्यात अनुदानाचा वाटा होताच, पण त्या मातीला ती झाडे मानवली हेही कारण होते.

राख चांगली, असे मी त्यानंतर प्रत्येक सभेत सांगू लागलो आणि तिथे माझी दुसरी चूक झाली. काही वर्षांपूर्वी टिटवाळ्यातले एक निवृत्त शिक्षक मला भेटले. त्यांनी अंगणात बकुळ आणि करंजाची शंभरेक रोपे केली होती. "साहेब, तुमचे भाषण ऐकून राख घातली. रोपे जास्तच पिवळी झाली," असे ते म्हणाले. मी जाऊन पाहिले. टिटवाळ्यात आता इमारती भराभर उठत आहेत. गुरुजींनी पायाच्या खोदकामातली फुकट मिळालेली माती भरली होती. तीत सिमेंटचे, गिलाव्याचे तुकडे होते. सिमेंट आणि चुना दोन्ही विम्लधर्मी. शिवाय पाणी बोअरचे, जड, बादलीला पांढरा थर धरणारे. आधीच विम्ल मातीत माझी राख पडली. ती माती ओतून टाकण्याखेरीज इलाज नव्हता. वरकसाच्या मातीला जे औषध तेच इमारतीच्या मातीला विष.

त्या दिवशी मी गुरुजींना एक प्रयोग दाखवला. तो तुम्हीही करा. टिटवाळ्याला गणपतीला वाहतात ती लाल जास्वंद घ्या. पाच-सहा पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात घाला, रंग उतरला की गाळा. दोन वाट्यांत थोडे थोडे घेऊन एकीत लिंबाचा थेंब टाका, दुसरीत चुन्याची निवळी. पहिली लालगुलाबी होईल, दुसरी हिरवट. ह्या झाल्या तुलनेच्या खुणा. आता एक वाटी माती अडीच वाट्या पाण्यात ढवळा. पाणी पावसाचे साठवलेले किंवा बॅटरीत घालायचे मिळते ते घ्या, बोअरचे नको. अर्धा तास निवळू द्या. वरच्या निवळीत जास्वंदीचा रंग टाका. हिरवट झाला तर माती विम्ल, तिला राख-चुना दाखवू नका. हळद चुन्याने लाल होते आणि तिचे कुंकू होते, त्यातलाच हा प्रकार. मात्र ही ढोबळ परीक्षा आहे. सौम्य आम्लता यात नीट दिसत नाही. नेमका आकडा प्रयोगशाळाच देते. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजना आहे, तिचा उपयोग करून घ्या.

नमुना घेताना आळस नको. ज्या जागेची माती पिशवीत भरायची तिथे आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा करून कडेची माती घ्या. बांधालगतची, उकिरड्याजवळची, झाडाखालची नको. सगळी एकत्र कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असे करीत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीत कधीही भरू नका, नाहीतर गोणीतल्या खताचाच अहवाल येईल. झाडे कायम लावायच्या जागेवर मात्र फूटभर, दोन फूट आणि तीन फूट खोलीचे नमुने वेगवेगळे द्या, कारण झाडाचे मूळ वरच्या वीतभर मातीत राहणारे नाही.

पिशवीचे मिश्रण साधे आहे. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत. शेणखत आम्लता आणि विम्लता दोन्हींचे टोक मोडते, म्हणून खतात काटकसर करू नका आणि अर्धकच्चे वापरू नका. माती आम्ल निघाली तर लाकडाची चाळलेली राख घमेल्याला मूठभर, त्याहून जास्त नाही. दगडी कोळशाची किंवा भट्टीची राख नको. राख किंवा चुना मातीत पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळून ओल द्या. युरिया, अमोनियम सल्फेट यांच्याबरोबर राख-चुना एकाच वेळी टाकू नका, नत्र वायू होऊन उडून जातो. सुपर फॉस्फेटही चुन्याबरोबर नको, मागाहून द्या. आणि एक गोष्ट फुकटची आहे. करंजाचे रोप करायचे तर जुन्या करंजाखालची दोन-चार घमेली माती मिश्रणात घाला. तिच्यातून गाठींचे जिवाणू येतात आणि मुळाला स्फुरद आणून देणारी बुरशीही येते.

सगळ्या पिशव्या एकदम भरण्याआधी वीस पिशव्या भरा आणि महिनाभर बघा. शिदोरी संपल्यावर रोप काय बोलते ते ऐका. आणि नत्र जास्त पाजून रोप लांबट करू नका. विकताना ते उंच दिसते, पण माळावर पहिल्याच उन्हाळ्यात कोलमडते. बुडखा जाड आणि मूळ भरघोस असलेले बुटके रोप त्याहून कितीतरी बरे.

त्या बचत गटाकडे मी पावसाळा संपल्यावर पुन्हा गेलो. जायला लाज वाटत होती. अध्यक्ष ताईंनी पाट दिला, पाणी दिले आणि मग विचारले, "साहेब, पुढल्या साली आधी माती बघाल का आधी रोप?" त्यांनी रागाने विचारले नाही, खरोखरच विचारले. मी म्हणालो, माती. पुढच्या वर्षी आम्ही तसेच केले आणि रोपे बहुतेक सगळी पास झाली. पण तोवर अकरांपैकी पाचजणी गट सोडून गेल्या होत्या. जिने कानातली मोडली ती त्यांपैकीच. तिच्या कानात पुन्हा सोने पाहिले ते पाच वर्षांनी, तिच्या मुलीच्या लग्नात. तिने मला आग्रहाने जेवायला बसवले. अधिकाऱ्याच्या चुकीची किंमत अधिकारी मोजत नाही, हे त्या दिवशी जेवताना घशाखाली उतरत नव्हते.

म्हणून विनंती एवढीच. आमच्यासारखा कोणी सल्ला द्यायला आला आणि वाफ्याच्या कडेला उभा राहूनच बोलू लागला, तर त्याला आत बोलवा. रोप उपटून मूळ दाखवा. मातीचा अहवाल कुठे आहे ते विचारा. त्याला राग आला तर येऊ द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, त्यांना कोणत्या कोपऱ्यातले रोप बरे दिसते.

हा अंक वाचून झाला की कुदळ घ्या आणि अर्धा किलो माती वाळत घाला. पिशव्या पुढच्या आठवड्यात आणल्या तरी चालतील.